खिंडीतला दीड मैल

मंगळवारी सकाळी खिंडीतल्या दुसऱ्या वळणावर कुत्री गाडीखाली सापडली.

म्हातारा नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन वर कुरणाकडे चालला होता. मागून तीन गाड्या आल्या. कळपाच्या शेवटाला एक कोकरू रस्त्याच्या मधोमध रेंगाळलं होतं. त्याला आत ढकलायला कुत्री मागे धावली आणि पहिल्याच गाडीने तिला घेतलं. मेंढरं बिथरून दरडीला भिडली तेव्हा कुठे म्हाताऱ्याने वळून पाहिलं. गाडीवाला उतरला, हातवारे करत बराच वेळ बोलत राहिला. डोक्यावरचं हेल्मेट त्याने काढलंच नाही. म्हातारा त्या काळ्या काचेकडे बघत उभा राहिला आणि शेवटी नुसता "बरं" म्हणाला.

दुपारी मुलाने कुत्रीला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. तो त्याच गाड्यांच्या शेडमध्ये फिटर होता. मेंढरांच्या वाडग्यामागे खड्डा त्यानेच खणला. जमीन वाळून दगड झाली होती, पहार घातली की खणकन आवाज यायचा आणि जेमतेम ओंजळभर माती निघायची. मधेमधे सून पाणी ओतत होती. म्हातारा खड्ड्याच्या काठावर बसून गोणपाटाकडे बघत होता. खणता खणता मुलगा सांगत होता, शेडवाल्याला फार वाईट वाटलंय, चांगल्या जातीचं पिल्लू आणून देतो म्हणालाय. म्हातारा गप्पच. मुलाला वाटलं, बाप रागावलाय. सुनेला ठाऊक होतं की त्याला ऐकूच आलेलं नाही.

हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटेतला लोलक तुटून कुठे तरी पडला होता आणि म्हातारा चार दिवस ती मुकी घंटा घेऊन रानात हिंडत होता. उभ्या जन्मात ज्याने घंटा कानाला लावून निवडल्या, त्याला ती मुकी झालेली कळली नव्हती. तिने तारेने नवा लोलक बांधला आणि कुणाला काही बोलली नाही. मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. म्हातारा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही. घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की उठून वाडग्याकडे जायचा. नवरा पहाटे कामावर जायचा, दमून परत यायचा. आपला बाप पहिल्यापासूनच घुम्या आहे, एवढंच त्याच्या लेखी.

तिला एकच गोष्ट कळत नव्हती. ऐकू येत नसताना हा माणूस त्या रस्त्याने रोज कसा जातो?

कारण रस्ता तसाच होता. गावाबाहेरच्या पुलापासून कुरणाच्या फाटकापर्यंत दीड मैल खिंड. एका अंगाला सरळ कापलेली दरड, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. बाजूला व्हायला जागा म्हणजे दरडीखालचं हातभर गटार. या रस्त्याने मेंढरं जायची, दुधाच्या गाड्या जायच्या, वरच्या वस्तीतली पोरं शाळेला यायची. मागच्या वर्षी गावाबाहेरच्या लोकरीच्या जुन्या गोदामात एकाने शेड टाकली आणि जाड चाकांच्या उघड्या गाड्या आणल्या. शहरातली माणसं यायची, गाड्या भाड्याने घ्यायची आणि डोंगरावरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत उड्या मारायला जायची. गावात त्या गाड्यांना धुरळ्या म्हणत. खाणीत त्यांनी काय करायचं ते करावं, पण शेड आणि खाण यांच्यामध्ये हाच रस्ता होता. पंचायतीने एका हंगामापुरती त्यावरून जायची परवानगी दिली होती. हंगाम आता संपत आला होता आणि परवानगी ठेवायची की काढून घ्यायची, हे गावसभेत हात वर करून ठरणार होतं.

हंगामभर गावात म्हाताऱ्याच्या कानाचं कौतुक चाललं होतं. गाडी वळणापलीकडे असतानाच हा काठी आडवी धरतो, मेंढरं दरडीला लागतात आणि मगच गाडी दिसते, असं लोक सांगायचे. कुत्रीला पुरून आल्यावर सुनेच्या डोळ्यांसमोर ते सगळं लख्ख उभं राहिलं. कुत्री कायम त्याच्या गुडघ्याशी चालायची. काही ऐकू आलं की अंगाने त्याच्या पोटरीला रेटा द्यायची. तो काठी आडवी धरायचा. कान कुत्रीचे होते. त्या मंगळवारी ती एका कोकरासाठी मागे गेली, आणि रेटा द्यायला कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुलावर उभी राहून बघत होती. म्हातारा दर दहा पावलांवर मान वळवून मागे बघत होता. दहा पावलं, मान. दहा पावलं, मान. संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा त्याची मान एका बाजूला आखडली होती आणि घास तोंडाशी नेताना तो सगळं अंग वळवत होता.

तिसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर निघाली. का येतेस, असं त्याने विचारलं नाही. ती घरी बसून कामगारांचे कपडे शिवायची. कापडाचे गठ्ठे आठवडाभर तसेच पडून राहिले, मग ते दुसऱ्या बाईकडे गेले. ती कळपाच्या मागे चालायची, तो पुढे. हाक मारून उपयोग नव्हता, कळपातून धावत पुढे जायला वेळ नसायचा. पहिल्या दिवशी मागून घरघर ऐकू आली. तिने खाली वाकून एक खडा उचलला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पुढे भिरकावला. खडा त्याच्या पायांपुढे पडला. त्याने काठी आडवी धरली. मेंढरं दरडीला लागली, धुरळ्या गेल्या, धुळीचा पडदा खाली बसला. म्हातारा तसाच पुढे चालू लागला. त्या दिवसापासून ती खिसाभर खडे घेऊन निघायची. दोघांत त्याबद्दल एक शब्द झाला नाही.

तिची पाठ भरून यायची, घसा धुळीने चिकटायचा आणि कान इतके ताठ राहायचे की घरी आल्यावरही ती दाराच्या कुरकुरीला दचकायची. वाऱ्याचा आवाज कुठला आणि इंजिनाचा कुठला, हे ती आठ दिवसांत शिकली. चढावर येणारी गाडी आधी पायाला कळते, मग कानाला, हेही शिकली.

इकडे गावात दोन कागद फिरत होते. एक दूधवाल्या काकूंचा. वरच्या वस्तीचं दूध त्या हातगाडीवरून डेअरीला आणायच्या. कॅनांवर ओली फडकी बांधूनही दुधात धूळ उतरायची आणि डेअरीवाला सगळ्यांदेखत दूध परत करायचा. रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्यांत त्यांची हातगाडी दोनदा उलटली होती. परवानगी काढून घ्या, असं त्यांच्या कागदावर होतं. दुसरा कागद शेडवाल्याचा, गाड्यांचा कुणाला त्रास नाही असं लिहिलेला. त्या रस्त्याने सगळ्यात जास्त चालणारा माणूस म्हणजे म्हातारा, म्हणून त्याची सही दोघांनाही हवी होती. काकू दोनदा येऊन गेल्या. शेडवाल्याने आपला कागद मुलाच्या हाती दिला.

मुलाने तो जेवताना बापापुढे ठेवला. आपलं काम त्या शेडवर आहे, पंप दुरुस्तीची कामं गेल्यापासून दुसरं काही मिळत नाही, हे तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. म्हाताऱ्याने कागद वाचला, सुनेकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की तो कुणाच्या हाती लागत नसे. मुलगा त्याच्या पाठीशी बोलत राहिला. काकूंच्या कागदावरही त्याने सही केली नव्हती. सही केली की सभेत बोलवणार, चार माणसं चार बाजूंनी प्रश्न विचारणार, हे सुनेला दिसत होतं.

मग मुलाने राग तिच्यावर काढला. रोज मेंढरांमागे जातेस, शेडमधली माणसं हसतात, म्हणाला. ती म्हणाली, कुत्री नाही ना आता.

"मग तिच्या जागी तू लागलीस का?" तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याची मान खाली गेली. ती ताटं उचलून मोरीकडे गेली. खरं सांगून टाकावं असं त्या क्षणी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारा आता भिंतीकडून वळला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता.

शनिवारी सकाळी काकूंनी बायकांना जमवून पूल अडवला. पंधरा-सोळा जणी हातात हात घालून उभ्या राहिल्या. शेडवरून चार गाड्या आल्या, थांबल्या. थोडा वेळ बोलाचाली झाली. मग गाड्या वळल्या, ओढ्यात उतरल्या आणि पाणी उडवत पलीकडे चढून खिंडीत शिरल्या. अडवल्याचा राग होता, त्यामुळे वेगही होता.

सून तेव्हा दुसऱ्या वळणाच्या अलीकडे होती. एका मेंढीचा पाय गटारातल्या फुटक्या पाइपात अडकला होता. ती गुडघ्यांवर बसून खूर बाहेर ओढत होती, मेंढी धडपडत होती, खुराची धार तिच्या मनगटाला लागून रक्त आलं होतं. आवाज तिने ऐकला, पण हात मोकळा नव्हता. मेंढीला सोडून उठेपर्यंत पहिली गाडी तिच्या अंगावर चिखल उडवून पुढे गेली होती. तिने खडा मारला. तो मेंढरांच्या पाठीवर कुठे तरी पडला.

गाडीवाल्याने ब्रेक दाबला, पण मेंढरं फुटली आणि त्या लोंढ्याने म्हातारा आडवा झाला. उजवा हात अंगाखाली गेला. एक मेंढी घळीत कोसळली. सून पोचली तेव्हा म्हातारा उठून बसायच्या प्रयत्नात होता आणि मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. त्याने आधी घळीकडे बोट दाखवलं, किती पडली, असं विचारलं. तिने एक बोट वर केलं.

पुलावरच्या बायका धावत आल्या. काकू पुढे होत्या. या वेळी गाडीवाल्याने हेल्मेट काढलं. कोवळाच होता.

"मी तीनदा हॉर्न दिला," तो म्हणाला. "तीनदा. बहिरे आहेत का हे?"

सगळ्या सुनेकडे बघू लागल्या. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तिला तो सापडला नाही. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्यातून सगळ्यांना कळलं.

दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घालत होते तेव्हा मुलगा आला. निळा डगला ग्रीसने माखलेला होता. बाहेरच्या बाकावर तो तिच्याशेजारी बसला आणि कधीपासून, एवढंच विचारलं. तिने दोन वर्षं सांगितली.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मला तरी कुठे सांगितलंय?" ती म्हणाली.

त्याने डगल्याला हात पुसले. मग म्हणाला की मागच्या महिन्यात त्याच खिंडीतून तो गाडीची चाचणी घेत गेला होता. वळणावर हॉर्न दिला होता आणि बाबांनी काठी आडवी धरली होती. त्याला वाटलं होतं, आपला हॉर्न त्यांनी ओळखला.

गावसभा रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अध्यक्ष म्हणजे गावचा गिरणीवाला, अंघोळ करून आला होता तरी भुवयांत पीठ होतं. म्हातारा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला, पुढच्या बाकावर भिंतीला पाठ लावून आडवा बसला, म्हणजे खोलीतली तोंडं त्याला दिसावीत. सून शेजारी बसली. मुलगा अगदी मागे, शेडमधल्या माणसांच्या रांगेत.

काकू दुधाबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलल्या. मग शेडवाला उठला. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. गावातल्या नऊ घरांची पोटं त्याच्या शेडवर आहेत, हे त्याने शांतपणे सांगितलं. म्हाताऱ्याबद्दल मला आदर आहे, म्हणाला, दवाखान्यात न्यायला मीच गाडी पाठवली. पण ज्याला ऐकू येत नाही त्याने रहदारीच्या रस्त्यावर जनावरं घेऊन यावं का? आज माझी गाडी होती, उद्या दुधाचा टेम्पो असेल. यात गाड्यांचा दोष काय? मागे काही जणांनी माना डोलावल्या. गिरणीवाल्यानेही नकळत डोलावली.

बोलताना शेडवाल्याची म्हाताऱ्याकडे पाठ होती. गिरणीवाल्याने म्हाताऱ्याला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का? म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. काय चाललंय, असं त्या नजरेत होतं.

ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. थोडं सौम्य करून सांगावं असं तिच्या मनात आलं. पण त्याचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते आणि त्या डोळ्यांपुढे तिला खोटं जमेना.

"ते म्हणतात, तुम्ही बहिरे आहात," ती म्हणाली. "दोष गाड्यांचा नाही, तुमचा आहे. तुम्ही रस्त्यावर येऊ नये."

तो शब्द त्या दोघांमध्ये पहिल्यांदाच बोलला गेला. म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग प्लास्टरचा हात छातीशी धरून तो उठला. त्याचा आवाज नको तितका मोठा निघाला, मागे कुणी तरी फिस्सकन हसलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजवा. मी लपवलं. माझ्या कुत्रीला ऐकू येत होतं. पान हललं तरी तिला कळायचं. ती मेली. मला ऐकू येत नाही, मी इथे उभा आहे. मग त्या रस्त्यावर कान असून उपयोग काय, ते मला कुणी तरी सांगा. समोर येऊन सांगा, म्हणजे मला कळेल."

तो उभाच राहिला. समोर कुणी आलं नाही. शेडवाला खाली बसला.

गिरणीवाल्याने हात वर करायला सांगितले. परवानगी काढून घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी. सुनेने आपला हात वर केला आणि मागे वळून बघायचं टाळलं. समोरच्या फळ्यावर कुणा मुलाने अर्धवट पुसलेली बेरीज होती, ती तिने तीनदा वाचली. गिरणीवाल्याने बोट नाचवत मोजणी केली, पुन्हा केली. त्रेचाळीस. मग दुसऱ्या बाजूचे मोजले. चाळीस.

घरी जाताना म्हातारा आणि ती दोघंच होती. मुलगा शेडमधल्या माणसांबरोबर मागे थांबला होता, त्यांच्यात काही तरी चढ्या आवाजात चाललं होतं. पुलापाशी म्हातारा थांबला.

"पोराने हात वर केला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या नंतर केला. पण केला."

शेड बंद पडली नाही. शेडवाल्याने मोठा ट्रक घेतला आणि धुरळ्या त्यावर चढवून, लांबच्या डांबरी रस्त्याने वळसा घालून खाणीत न्यायला लागला. मुलाचं काम गेलं नाही, पण पाने आणि हत्यारांची पेटी त्याच्याकडून काढून घेतली. आता तो दिवसभर पाण्याचा पाइप धरून गाड्या धुतो. संध्याकाळी येतो तेव्हा कोपरापर्यंत हात पांढरे पडून सुरकुतलेले असतात. त्याबद्दल तो बोलत नाही. बापाशी मात्र बोलायला लागलाय. समोर स्टूल घेऊन बसतो, पहिले दोन शब्द नेहमीच्या सवयीने पुटपुटतो, मग मान वर करून पुन्हा म्हणतो. सुट्टीच्या दिवशी मेंढरं तोच वर नेतो. मेंढरं त्याला अजून जुमानत नाहीत.

रस्ता मोकळा झाला, पण म्हाताऱ्याचं गावातलं चालणं-बोलणं बिघडलं. लोक त्याच्या कानात ओरडू लागले. लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून बोलू लागले. दुकानदार चाळीस वर्षांच्या ओळखीचा, तोही म्हाताऱ्याच्या देखत सुनेला विचारायचा, यांना काय हवंय? केस कापणाऱ्याने तर त्याचा चेहरा हाताने धरून आरशाकडे फिरवला. म्हातारा सगळं बघायचा. सभेत उभं राहताना जे झालं नव्हतं ते आता होत होतं. त्याचे खांदे आत वळायला लागले होते.

आठवड्याने काकू आल्या. म्हातारा अंगणात बसून डाव्या हाताने एका मेंढीच्या खुरातली घाण काढत होता. मेंढी त्याने दोन गुडघ्यांत दाबून धरली होती. सून वाडग्यात पाणी न्यायला बादली भरत होती. काकू म्हाताऱ्याच्या शेजारून तिच्यापाशी आल्या.

"पुलापाशी धुरळ्यांना बंदीचा बोर्ड लावतोय परवा," त्या म्हणाल्या. "त्यांना विचार, येतील का? सगळ्यांना वाटतं त्यांच्या हाताने लावावा."

"त्यांनाच विचारा," सून म्हणाली.

"अगं, पण त्यांना..."

"समोर बसा. तोंड दिसलं पाहिजे."

काकू घुटमळल्या. मग त्या म्हाताऱ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या. मेंढी गुडघ्यांतून निसटायला बघू लागली.

"ओरडू नका," म्हातारा म्हणाला. "जनावर बुजतं. नुसतं तोंड हलवा."

काकू कानकोंड्या झाल्या. त्यांनी पदराने ओठ पुसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी जवळजवळ आवाज न काढता. म्हातारा बघत राहिला. मेंढरं आत घेतल्यावर येईन, म्हणाला, त्याआधी जमायचं नाही. मग खुराकडे परत वळता वळता त्याने विचारलं की त्यांची लाल गाय व्यायली का. काकूंनी हातानेच दाखवलं, वासरू एवढं, पाय आधी आले, आणि मग त्या खाली मांडी घालूनच बसल्या.

सून बादली उचलून वाडग्यात गेली. त्या दोघांचं पुढे काय बोलणं झालं, ते तिने ऐकलं नाही.